एका फायलीत दोन निकाल

प्लास्टिकच्या फायलीत कानाचे दोन कागद होते. पहिला, बाळ सतराव्या दिवशी घरी जाताना दिलेला: दोन्ही कान 'पास'. दुसरा सात महिन्यांनंतरचा: दोन्ही कानांत अतितीव्र श्रवणदोष, ९० डेसिबललाही प्रतिसाद नाही. मधल्या काळात बाळाचा कान फुटला नव्हता, डोक्याला मार लागला नव्हता, मोठा ताप आला नव्हता. वडिलांचा प्रश्न सरळ होता: यातला खोटा कागद कोणता?

खोटा एकही नव्हता. दोन्ही कागदांवरची मोजणी बरोबर होती आणि दोन्ही कागदांचे वाचन चुकले होते. हे प्रकरण त्या वाचनाबद्दल आहे.

हे कोण्या एका बाळाचे कागद नाहीत, हे आधीच सांगायला हवे. ऑडिटरी न्यूरोपथी, म्हणजे कान आवाज टिपतो पण चेता तो मेंदूकडे नीट जुळवून पोचवत नाही असा विकार, असलेल्या बाळांत वारंवार दिसणारा इतिहास, तपासणीतले आकडे आणि चुका एकत्र करून अभ्यासासाठी हे प्रकरण बांधले आहे. आकडे नमुन्याचे आहेत, कार्यपद्धती मात्र जशीच्या तशी वापरता येईल अशी आहे.

इतिहास

मुलगा. ३५ आठवड्यांचा जन्म, वजन २.१ किलो. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. पाचव्या दिवशी बाळ तळपायापर्यंत पिवळे, सुस्त, दूध ओढेना. एकूण बिलिरुबिन (काविळीतले पिवळे द्रव्य) २८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. निळ्या दिव्याखाली ठेवले, त्याच रात्री दुप्पट मात्रेत रक्त बदलले. पाच दिवस अमिकासिन हे प्रतिजैविक. एकूण १२ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात.

यातली प्रत्येक ओळ कानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, पण वजन सगळ्यांचे सारखे नाही. अमिकासिन अंतर्कर्णातल्या बाह्य केशपेशी मारते, म्हणजे ते नुकसान झाले असते तर ओएईत, म्हणजे केशपेशींचा पडसाद मोजणाऱ्या तपासणीत, दिसले असते. मोकळे बिलिरुबिन दुसरीकडे घाव घालते: श्रवणचेतेच्या (कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) पेशी, मस्तिष्कस्तंभातली श्रवणकेंद्रे आणि मेंदूच्या तळाशी असलेले हालचालींचे गाभे यांवर. केशपेशी बहुतेक वेळा शाबूत राहतात. कावीळ मेंदूत उतरलेल्या काही मुलांत हातापायांची हालचाल जवळपास ठीक असते आणि मुख्य इजा ऐकण्यालाच झालेली असते. या बाळाची मान पाच महिन्यांनी धरली, आठव्या महिन्यात ते आधाराने बसत होते. उशीर होता, पण नजरेत भरेल इतका नव्हता.

घरात शंका पहिल्यांदा आईला आली, चौथ्या महिन्यात. तिचे शब्द नोंदवून ठेवण्यासारखे आहेत: "दाराची कडी वाजली की दचकतो. कुकरच्या शिट्टीला रडतो. पण मी हाक मारली तर माझ्याकडं बघत नाही. तोंड समोर आणलं की मग हसतो." आजीने पाठीमागून थाळी वाजवून बघितली, बाळ दचकले, आजीचे समाधान झाले. "याच्या बापानंसुद्धा तीन वर्षांनी तोंड उघडलं होतं," हेही झाले. शिवाय फायलीत 'पास'चा कागद होताच.

थाळीचा आवाज मोठा असतो, अनेक स्वरांचा असतो आणि थाळी हलली की हवेचा झोत व सावलीही हलते. आवाज आहे एवढेच कळायला जे लागते आणि बोलणे समजायला जे लागते, ते एक नव्हे. आईने नेमका हाच फरक सांगितला होता. कडीला प्रतिसाद आणि हाकेला नाही, हे वाक्य ऑडिटरी न्यूरोपथीचे जवळपास पाठ्यपुस्तकी वर्णन आहे. ते तिच्याकडून पहिल्यांदा आशाताईंनी ऐकले आणि गांभीर्याने घेतले. त्यांनी बाळाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला तेव्हा जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत होता आणि ही केंद्रे त्याच साखळीतली आहेत. केंद्राने बेरा, म्हणजे आवाजाला चेता आणि मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. ती शहरातल्या एका खासगी ठिकाणी झाली आणि तिथून दुसरा कागद आला.

पहिला कागद: ओएई

अंतर्कर्णातल्या बाह्य केशपेशी आवाजाच्या लयीत स्वतः आकुंचन-प्रसरण पावतात आणि त्या हालचालीचा अतिसूक्ष्म पडसाद उलट दिशेने कानाच्या नळीत येतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो पहिल्यांदा टिपला. ओएई यंत्र कानात दोन स्वर सोडते, साधारण ६५ आणि ५५ डेसिबलचे, आणि परत येणारा तिसरा स्वर आसपासच्या गोंगाटापेक्षा किमान ६ डेसिबल वर आहे का ते पाहते. चारपैकी तीन स्वरांवर तो मिळाला की पडद्यावर 'पास' येते. झोपलेल्या बाळाच्या एका कानाला एखादे मिनिट पुरते. म्हणूनच ही चाचणी सर्वत्र पोचली, आणि तिने असंख्य मुलांचे बहिरेपण वेळेत पकडून दिले, हेही खरे.

पण ती बाह्य केशपेशींशी थांबते. आतली केशपेशी, तिचा चेतेशी असलेला सांधा, चेता आणि मेंदूकडे जाणारा मार्ग यांबद्दल ओएई काहीच सांगत नाही. या बाळाला धोका नेमका त्या पुढच्या वाटेवर होता.

अमेरिकेच्या जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंगने २००७ मध्येच लिहून ठेवले आहे की पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची चाळणी ओएईवर करू नये, ती स्वयंचलित बेरावर करावी. रक्त बदलण्याइतकी कावीळ झाली असेल तर एनआयसीयूतला मुक्काम किती होता हे न पाहता ते बाळ धोक्याच्या यादीत येते. या बाळाच्या बाबतीत दोन्ही निकष लागू होते. ज्याने ओएई केली त्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड होते का, हा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी यंत्र घेऊन येणारी व्यक्ती आठवड्यातून दोनदा येते, परिचारिका ज्या बाळांकडे बोट दाखवते त्यांचे कान तपासते आणि पट्टी कार्डाला चिकटवते. कावीळ दुसऱ्या पानावर असते.

दुसरा कागद: बेरा

बेरात कानात 'टिक' असा आवाज हजारो वेळा दिला जातो आणि कपाळ व कानामागच्या इलेक्ट्रोडमधून चेता व मस्तिष्कस्तंभाचा विद्युत प्रतिसाद सरासरी काढून मिळवला जातो. दुसऱ्या कागदावरच्या आलेखात दोन्ही कानांत ९० डेसिबलला सपाट रेषा होत्या. खाली 'अतितीव्र श्रवणदोष, शक्तिशाली श्रवणयंत्रे बसवावीत' एवढेच लिहिले होते.

आलेखाच्या कोपऱ्यात यंत्राने छापलेली मांडणी वाचल्यावर चूक सापडली. 'टिक' आवाज अल्टरनेटिंग पद्धतीने दिला होता. म्हणजे एका वेळी पडदा आत ढकलणारा दाब, पुढच्या वेळी बाहेर ओढणारा, असे आलटून पालटून. ही पद्धत लोकप्रिय आहे, कारण तिने ध्वनियंत्राचा विद्युत कचरा सरासरीत पुसला जातो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पुसली जाते: कॉक्लियर मायक्रोफोनिक. केशपेशींचा हा विद्युत प्रतिसाद आवाजाच्या लाटेची नक्कल करतो. लाट उलटली की तोही उलटतो, आणि दोन उलट लाटांची बेरीज शून्य होते. जिवंत केशपेशींचा पुरावा यंत्राने गोळा केला आणि यंत्रानेच पुसला. उरलेली सपाट रेषा केशपेशी मेलेल्या बाळाच्या रेषेसारखीच दिसते.

त्या दिवशी ओएई पुन्हा केली नव्हती. केली असती तर दोन मिनिटांत विसंगती समोर आली असती. बेरा सपाट आली की त्याच बैठकीत ओएई केल्याशिवाय बाळाला उठवू नये, इतका साधा नियम आहे हा.

तिसरी तपासणी

बाळ आठ महिन्यांचे, मुदतीच्या हिशेबाने सुमारे सात. या वयात औषधाशिवाय झोप मिळवणे अवघड, पण कावीळ मेंदूत उतरली असण्याची शक्यता असलेल्या बाळाला गुंगीचे औषध टाळता आले तर बरेच. आईला सूचना अशा दिल्या: पहाटे चारला उठवा, नंतर झोपू देऊ नका, दूध दवाखान्यात आल्यावरच पाजा. सगळ्यात महत्त्वाची सूचना, एसटीत झोपू देऊ नका. बहुतेक बेरा एसटीच्या हेलकाव्यांनी बिघडतात. बाळ दीड तास गाढ झोपून ताजेतवाने होऊन दारात येते आणि मग दिवसभर टक्क जागे राहते. बाळाबरोबर आत्याही आली होती. दोघींनी वाटेत आळीपाळीने त्याला खेळवत ठेवले.

झोपलेल्या बाळावर तपासण्यांचा क्रम ठरवताना हिशेब असा की बाळ उठायची शक्यता जिथे जास्त ते शेवटी. म्हणून आधी ओएई, मग बेरा, शेवटी मध्यकर्णाचा दाब आणि स्नायूंचा प्रतिक्षेप (मोठ्या आवाजाला मध्यकर्णातला स्नायू आपोआप आखडतो का ते).

ओएई: दोन्ही कानांत २ ते ६ किलोहर्ट्‌झवर प्रतिसाद, गोंगाटापेक्षा ९ ते १४ डेसिबल वर. पहिला कागद पुन्हा खरा ठरला.

बेरासाठी कपाळाच्या वरच्या भागी, दोन्ही कानांमागे आणि एक ग्राउंडचा असे चार इलेक्ट्रोड, त्वचा घासून, अडथळा ५ किलोओहमच्या आत आणि एकमेकांतला फरक २ च्या आत. एसी आणि मोबाइल बंद. कानात घालायचे फोमचे इअरफोन. याला पर्याय नाही, कारण त्यांच्या नळीतून आवाज कानात पोचायला ०.९ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अंतराने ध्वनियंत्राचा विद्युत कचरा आणि कानाचा प्रतिसाद आलेखावर वेगळे पडतात. कानावर ठेवायचे हेडफोन वापरले तर दोन्ही एकमेकांवर चढतात आणि मग तर्क करत बसावे लागते.

सेकंदाला २१.१ टिक, प्रत्येक धावेत २,०००. उजव्या कानाला ९० डेसिबलवर दोन धावा रेअरफॅक्शनच्या (फक्त पडदा बाहेर ओढणारा दाब), दोन कंडेन्सेशनच्या (फक्त आत ढकलणारा). दोन्ही प्रकारचे आलेख एकमेकांवर ठेवले. सुरुवातीच्या साधारण पाच मिलिसेकंदांत दातेरी लाटा होत्या, आणि एका प्रकारात जिथे शिखर तिथे दुसऱ्यात बरोबर दरी. त्यानंतर काहीच नाही. चेता आणि मस्तिष्कस्तंभाच्या ज्या क्रमाने मोजल्या जाणाऱ्या लाटा दिसायला हव्यात, त्यांतली पाचवी नाही, तिसरी नाही. आवाज ७० पर्यंत उतरवल्यावर लाटा लहान झाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. चेतेचा खरा प्रतिसाद असता तर आवाज कमी होताच लाटा उजवीकडे सरकल्या असत्या.

यानंतरची एक धाव बऱ्याच ठिकाणी वगळली जाते, आणि ती वगळू नये. इअरफोन आणि तारा आहेत तिथेच ठेवायच्या, फक्त रबरी नळी चिमट्याने दाबून बंद करायची आणि तीच धाव पुन्हा घ्यायची. आवाज कानात जात नाही, वीज मात्र तारेतून तशीच वाहते. दातेरी लाटा तरीही राहिल्या तर त्या यंत्राच्या. इथे त्या नाहीशा झाल्या, म्हणजे त्या कानाच्या होत्या. डाव्या कानाचेही चित्र हेच.

उलट दिशेची चूकही होते आणि ती जास्त धोकादायक. फक्त रेअरफॅक्शनवर तपासणी केली की या दातेरी लाटांना पहिली, दुसरी, तिसरी अशी नावे देण्याचा मोह होतो आणि अहवाल 'सामान्य' म्हणून जातो. लाटा उलटतात का आणि सरकतात का, हे दोन प्रश्न विचारले की ही गफलत टळते.

शेवटी मध्यकर्ण: दाब सामान्य, 'ए' प्रकारचा आलेख. स्नायूंचा प्रतिक्षेप १०० डेसिबलपर्यंत कुठल्याही स्वराला नाही. ओएई उत्तम, मध्यकर्ण निरोगी आणि प्रतिक्षेप गायब, ही जोडी दिसली की बेरा व्हायलाच हवी. जिथे बेराचे यंत्र नाही त्या तालुक्याच्या ठिकाणीही ही खूण मिळू शकते.

निदान: दोन्ही कानांत ऑडिटरी न्यूरोपथी. अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दहा रुग्णांच्या आधारे हे नाव रूढ केले. २००८ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या बैठकीत त्याला 'स्पेक्ट्रम डिसऑर्डर' ही पुढची जोड मिळाली, कारण एकाच नावाखालची मुले एकमेकांपासून फार वेगळी निघतात.

ऐकू येते, पण कळत नाही, म्हणजे काय

आई-वडिलांना हे समजावताना दिंडी कामी आली. शंभर टाळकरी एका ठोक्यावर टाळ वाजवतात तेव्हा अर्ध्या मैलावरूनही अभंगाचा ठेका कळतो. तेच शंभर जण, तितक्याच जोराने, पण प्रत्येक जण किंचित पुढेमागे वाजवू लागला तर? आवाज तितकाच पोचेल. ठेका हरवेल.

श्रवणचेतेच्या हजारो तंतूंचे तसेच आहे. बेरातली लाट दिसायला हे तंतू एकाच क्षणी उद्दीपित व्हावे लागतात. अर्धा मिलिसेकंद पुढेमागे झाले तरी सरासरीत शिखरे आणि दऱ्या एकमेकांना खाऊन टाकतात आणि रेषा सपाट होते. म्हणून सपाट बेरा म्हणजे 'ऐकू येत नाही' असे नव्हे. त्याचा अर्थ ठेका जुळत नाही, इतकाच.

आणि मराठी तर ठेक्यावर उभी आहे. कडी, खडी, गडी, घडी. चारही शब्दांत जीभ एकाच जागी लागते. फरक आहे तो घशातला नाद स्फोटाच्या आधी सुरू होतो की नंतर, किती मिलिसेकंदांनी आणि मध्ये हवेचा किती झोत येतो, याचा. सामान्य कान तीन ते पाच मिलिसेकंदांची शांतता टिपतो. ऑडिटरी न्यूरोपथीत ही खिडकी कित्येकदा वीसच्या पुढे जाते. अशा कानाला चारही शब्द सारखेच लागतात. घरात मिक्सर किंवा टीव्ही चालू असला की उरलासुरला फरकही बुडतो. आईची हाक बहुधा स्वयंपाकघरातूनच जात होती.

श्रवणपातळी किती?

ऑडिटरी न्यूरोपथीत बेरावरून श्रवणपातळी ठरवता येत नाही. ती सामान्य असू शकते, अतितीव्र असू शकते, दिवसागणिक बदलूही शकते. दुसऱ्या कागदाप्रमाणे ९० डेसिबलच्या नुकसानीचा हिशेब धरून यंत्रे लावली असती तर शाबूत बाह्य केशपेशींवर रोज प्रचंड आवाजाचा मारा झाला असता. कर्ज काढायची तयारी झाली होती. वडिलांनी थांबायचे ठरवले, कारण कुकरच्या शिट्टीला रडणारे पोर ठार बहिरे कसे, हे त्यांना पटत नव्हते.

म्हणून बाळाचे वर्तन पाहूनच पातळी शोधायची होती. आवाज आला की बाळ मान वळवते, वळवली की पेटीतले खेळणे उजळते, असा तो खेळ. पण त्याला मान वळवता यायला हवी. या बाळाने मान धरली असली तरी आठव्या महिन्यात ती वळवताना अजून डळमळत होती. तेव्हा 'प्रतिसाद नाही' असे लिहिले असते तर ते कानाबद्दल नसते, मानेबद्दल असते. दोन महिने फिजिओथेरपी झाली आणि दहाव्या महिन्यात, कमरेला व पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीत बसवून, तपासणी घेतली. वळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला. दर तीन-चार आवाजांमागे एक 'कोरी' पाळी ठेवली, म्हणजे आवाज न देता बाळ वळते का ते पाहिले. कोऱ्या पाळ्यांत बाळ वारंवार वळू लागले की ती बैठक तिथेच थांबवायची.

पहिल्या बैठकीत ५०० हर्ट्‌झला ६५, १,००० ला ६०, २,००० ला ५०, ४,००० ला ४५ डेसिबल. आठवड्याने ५५, ५०, ५०, ४०. खालच्या स्वरांना जास्त नुकसान आणि वरच्यांना कमी, हा चढता आलेखही या विकारात पुष्कळदा दिसतो. सामान्य बहिरेपणात बहुतेक वेळा उलटे असते. दोन बैठकींत पाच-दहा डेसिबलचा फरक पडला, त्याला तपासणीची चूक म्हणून खोडायचे नसते. दोन्ही आकडे तारखेसह ठेवायचे.

यंत्रे, आणि थांबण्याचा हिशेब

अकराव्या महिन्यात दोन्ही कानांना यंत्रे बसवली, या वर्तन-तपासणीच्या आकड्यांवर. बाळाच्या कानाची नळी लहान असल्याने तोच आवाज तिथे मोठ्यांपेक्षा बराच जास्त होतो. म्हणून साच्यासकट प्रत्यक्ष मोजणी करून आवाजवाढ आणि कमाल मर्यादा ठरवली. यंत्र लावून ऐकण्याची पातळी ३० ते ३५ डेसिबलवर आली. आकड्यांत बघितले तर उत्तम यश.

याच टप्प्यावर प्रकरण पुन्हा हातून निसटू शकले असते. यंत्र आवाज मोठा करते, ठेका जुळवत नाही. काही मुलांना तेवढ्यानेही चांगला फायदा होतो, म्हणून प्रयत्न करायलाच हवा. पण यश मोजायचे ते डेसिबलमध्ये नव्हे. आईला वही दिली होती. रोज एकच नोंद: आज पाठीमागून, शांत खोलीत, तोंड न दाखवता नावाने हाक मारल्यावर दहापैकी किती वेळा वळला? शिवाय दोन महिन्यांनी एकदा ३५ प्रश्नांची श्रवण-प्रश्नावली. सहा महिन्यांत वहीतला आकडा दोन-तीनच्या पुढे गेला नाही आणि प्रश्नावलीत चारच गुणांची भर पडली. बाळ 'आ', 'ऊ' करत होते, 'बाबा', 'दादा' अशा व्यंजनांची साखळी नव्हती.

मग कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवून चेतेला थेट विजेचे ठोके देणारे यंत्र, लगेच का नाही? कारण मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कावीळ झालेल्या काही बाळांत ही विसंगती पहिल्या वर्ष-दीड वर्षात आपोआप सुधारते. बेरात लाटा परत येतात. घाईने इम्प्लांट बसवणे म्हणजे कदाचित स्वतःहून बरा होणारा कान कापणे. आणि वाट पाहत राहणे म्हणजे भाषा रुजण्याचे दिवस हातातून घालवणे. या दोन्हींमध्ये वेळापत्रक बांधले: वर्षाच्या आसपास बेरा, सतराव्या महिन्यात पुन्हा बेरा. दोन्ही वेळा चित्र तेच. नुसते बसून राहायला लावले असते तर ते क्रूर झाले असते. म्हणून पहिल्या दिवसापासून हावभाव, खुणा, समोर येऊन बोलणे आणि बोलताना टीव्ही बंद, हे सुरू होते. "खुणा शिकवल्या तर बोलणार नाही," असे शेजारीपाजारी सांगतात. त्याला काही आधार नाही. भाषा कुठल्याही वाटेने आधी पोचली पाहिजे.

एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंची श्रवणचेता दिसली. हे पाहणे अनिवार्य आहे. काही मुलांत चेताच नसते किंवा धाग्याइतकी बारीक असते, आणि बाहेरून चित्र हुबेहूब ऑडिटरी न्यूरोपथीचे दिसते. कावीळ, मुदतीआधी जन्म असे काहीच कारण नसेल तर जनुकांची, विशेषतः ओटीओएफची (आतल्या केशपेशीकडून चेतेला संदेश जाण्यासाठी लागणारे जनुक), तपासणीही करावी. त्या जनुकावरच्या उपचारांचे पहिले आशादायक निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये शांघायमधून प्रसिद्ध झाले, सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. या बाळाला त्याचा उपयोग नाही.

विसाव्या महिन्यात उजव्या कानात इम्प्लांट. विजेचे ठोके सगळ्या तंतूंना एकाच क्षणी ढकलतात, म्हणून ठेका बाहेरून लादता येतो. टेबलावरच चेतेचा विद्युत प्रतिसाद मिळाला. बिलिरुबिनने चेतेला किती इजा केली आहे हे आधी सांगता येत नसल्याने ती रेषा सगळ्यांनी श्वास रोखून पाहिली असेल, तर नवल नाही. डाव्या कानाचे यंत्र चालू ठेवले.

दिव्यांग प्रमाणपत्राची अडचण

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये बहिरेपणाची व्याख्या दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांवर ७० डेसिबल आणि ऐकण्यास कठीण म्हणजे ६० ते ७० अशी आहे. या बाळाची सरासरी पहिल्या बैठकीत ५५, दुसरीत ४९. म्हणजे समोरच्या माणसाचा एक शब्द वेगळा काढता न येणारे मूल कायद्याच्या मोजपट्टीत बसत नाही. हे चुकीचे आहे, आणि जोवर मोजपट्टी बदलत नाही तोवर ऑडिओलॉजिस्टने निदान हातचे राखून लिहू नये. प्रत्येक अर्जाला डेसिबलच्या आकड्यासोबत दोन्ही प्रकारच्या लाटांचे बेराचे आलेख, नळी दाबून घेतलेली धाव, सहा महिन्यांची वही आणि शब्द ओळखण्याची नोंद जोडावी. प्रमाणपत्र देणाऱ्या समितीतल्या डॉक्टरांना ऑडिटरी न्यूरोपथी माहीत असेलच असे गृहीत धरू नये. अर्ध्या पानाचे साध्या मराठीतले टिपण वर लावावे.

अहवालात काय लिहायचे

पहिल्या कागदावर 'पास' ऐवजी हे असते तर आईला चौथ्या महिन्यात कुणाशी वाद घालावा लागला नसता: "दोन्ही कानांत बाह्य केशपेशींचा प्रतिसाद मिळाला. चेता आणि पुढच्या मार्गाची तपासणी झालेली नाही. बाळाला रक्त बदलण्याइतकी कावीळ झाली होती, म्हणून तीन महिन्यांच्या आत बेरा आवश्यक. बेरा होईपर्यंत ऐकणे सामान्य मानू नये." चार वाक्ये. आणि दुसऱ्या कागदावर: "९० डेसिबलला अल्टरनेटिंग पद्धतीत लाटा मिळाल्या नाहीत. ओएई व एकेरी दाबाच्या धावांशिवाय निष्कर्ष काढता येत नाही." अपुरा अहवाल अपुरा म्हणून देण्यात कमीपणा नाही.

मूल आता साडेतीन वर्षांचे आहे. अंगणवाडीत जाते, बाईंच्या जवळ बसते. शांत खोलीत पाठीमागून हाक मारली तर दहापैकी नऊ वेळा वळते. पंधरा-वीस मुलांच्या गलक्यात चार वेळा. मागच्या बैठकीत समोर चार चित्रे मांडली होती: दाराची कडी, रस्त्यावरची खडी, डोक्यावर ओझे घेतलेला गडी, कापडाची घडी. खडी आणि घडी त्याने प्रत्येक वेळी बरोबर उचलली. कडी आणि गडी अजून एकमेकांत मिसळतात. पुढची बैठक तीन महिन्यांनी.